दत्तूचा आवाज चढेना

मंगळवार, सुलतान बाजार

ऑपरेशनात दत्तूचा आवाज गेला. "माझं भजन एकदा ऐकव," असं त्यानं पाटीवर लिहिलं होतं. त्याचं जुनं रेकॉर्डिंग आमच्या भजनी मंडळाच्या वेबसाइटवर चढवायला बसलो. दिवसभर फाइलचं नाव दिसे, आकार मात्र शून्य. असं कसं? शेवटी पुतणीला फोन केला.

"काका, पीएचपी प्रोग्रॅममध्ये फाइल जायची वाट उघडणारा पॅसिव्ह मोड लॉगिनच्या आधी लावलात! आधी घरात तर शिरा."

प्रोग्रॅममधली ती ओळ लॉगिनच्या ओळीखाली घेतली. शून्य गेलं, फाइल भरली. लगेच दिलसुखनगरला दत्तूच्या सुनेला कळवलं.

"काका, मामंजी दुपारपासून डोळेच उघडत नाहीत हो."

"कानाशी लाव, बाई."

तिनं लावलं. फोनमधून दत्तू खणखणीत गात होता. सून मधूनच हाका मारत होती, "मामंजी, ऐकताय ना?" दत्तू आपला गातच राहिला.