अंगी लागत नाही

४ फेब्रुवारी
पानं आणखी पिवळी! शिरा तेवढ्या हिरव्या. हॉस्पिटलात जाताना ताईने तिच्या गंधराजाची कुंडी माझ्याकडे सोपवली. पाणी घालतेय, वर खत घालतेय, तरी याचे नखरे संपत नाहीत. ताईचा रोज फोन – कळी धरली का? मी म्हणते, धरेल गं, टवटवीत आहे अगदी. थापा मारण्यात मी पहिल्यापासून पटाईत!

५ फेब्रुवारी
आणखी खत घातलं.

७ फेब्रुवारी
नर्सरीवाल्या काकांना पान नेऊन दाखवलं. मला वाटलं, अजून खत द्या म्हणतील. तर म्हणाले, "उपाशी नाही हो ते. कुंडीत सगळं आहे, पण अंगी लागत नाही." नळाचं पाणी जड, त्याने मातीचा पीएच चढलाय. गंधराजाला माती आंबट लागते. नसली की मुळाशी लोह असूनही त्याला घेता येत नाही. मोजायच्या पट्ट्या दिल्या, आकडा सहाच्या आत आणा म्हणाले. घरी येऊन बघते तर आठ!

ताईबद्दल डॉक्टर हेच म्हणाले होते. नळीतून सगळं जातंय, अंगी लागत नाही. नर्सरीतून परत येताना मला भर रस्त्यात रडू आलं.

१० फेब्रुवारी
पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दिलं. पट्टीवर साडेसहा! नाचायचीच बाकी होते.

१३ फेब्रुवारी
पुन्हा पावणेआठ. पहिले पाढे पंचावन्न.

१४ फेब्रुवारी
चोर सापडला – भाऊजी! हॉस्पिटलात जाताना स्वतःचा डबा न्यायला येतात, तेव्हा खिशातली पुडी कुंडीत रिकामी करताना दिसले. अंड्यांची टरफलं, कुटून अगदी पीठ केलेली. ताई गुलाबाला घालायची म्हणे. अहो, चुनाच की तो! मी आकडा खाली ओढतेय, हे वर चढवतायत. चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात म्हणाले, "तिच्यासाठी मला एवढंच करता येतं गं."

ते गेल्यावर वरची माती खरवडून काढली. उद्या पुन्हा पुडी आणतील.

१७ फेब्रुवारी
पानं गळतायत. फोनवर ताईचा आवाज पार खोल गेलाय. मी काय घालू, कुणाला घालू? काही म्हणता काही माझ्या हातात नाही.

१८ फेब्रुवारी
भाऊजींनी नको तेच केलं – ताईला कुंडीचा फोटो दाखवला. तिने मला बोलावून घेतलं. रागावेल म्हणून मान खाली घालून बसले. पण ती हसली. म्हणाली, "किती छळशील बिचाऱ्याला? आता काही घालू नकोस त्याला."

मी बरं म्हटलं. मग नळीवर हात ठेवून म्हणाली, "यांना सांगायचा मला धीर होत नाही. तू सांग – मलाही नको."