भावाच्या आहेराचा तुकडा

मानवत, गुरुवार, दिवेलागण

आज मन थाऱ्यावर नाही. मी केलेली लग्नाची फिल्म बघून नवरीची आई दुकानात आली. "दादा, समदं लय भारी केलं. पण माझ्या भावाचा आहेर कुठं हाय?"

"ताई, आहेर सगळेच कापले. फार लांबण लागते."

"अवो, जमिनीवरून बोलणं बंद होतं आमचं. लग्नात साडी घेऊन आला. आता कुठं बघू मी?"

मी मोबाइलवर बघून एडिटिंग शिकलो, गुरू केला नाही. कट कुठं मारायचा ते मला कळतं. तो तुकडा वाईटच आहे. कॅमेरा हलतोय, मध्ये भटजींची पाठ. तरी मूळ शूटिंगमधून शोधून काढला. भाऊ साडी देतो, बहिणीकडे बघत नाही. ती साडी घेते, पण त्याचा हात साडीवरून निघत नाही.

हात निघेपर्यंत तुकडा ठेवला तर फिल्मची लय तिथं अडकते. हात निघायच्या आधीच कापून बघितलं. प्रत्येक वेळी वाटलं, तो हात मीच ओढून काढला.

शेवटी पूर्ण ठेवला. फिल्म अडकतेच. फिल्म संपताना संकलक म्हणून माझं नाव येतं. अशा अडकणाऱ्या फिल्मवर नको, म्हणून ते काढून टाकलं. मग परत घातलं.