सातची मालिका, आवाज बंद

११ जानेवारी

मी खिडकी लावली. आईने उघडली. मी परत लावली. ती उठली, उघडली आणि वर टीव्हीचा आवाज वाढवला!

सात वाजले की रोजचं हे. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जातं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. काय ती मालिका! दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले. थोरली सून कायम उंबऱ्यात — आत कोणी घेत नाही, बाहेर ती जात नाही. एक वकील ओठ मिटून हसतो, आई त्याला ‘चिमटा’ म्हणते. मेलेला सासरा परत आलाय. घराच्या आत विजा कडाडतात!

आणि मी एकही भाग चुकवत नाही. हे फक्त इथे लिहितेय.

“अगं, लोक ऐकतात,” म्हटलं.

“ऐकू देत की. चोरीचा माल आहे का? मला आवडतं, मी बघते.”

१४ जानेवारी

आज कोर्टात गंमत. मधल्या सुट्टीत जज्जसाहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे वळले. “बाई, काल मला घरी जायला उशीर झाला. थोरलीला घरात घेतलं का हो?”

मला वाटलं, कुठल्यातरी खटल्यातली थोरली. मी आपली शॉर्टहँडची वही चाळतेय! तेवढ्यात समोरचे दोन वकील, सकाळपासून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, एकदम कामाला लागले. “नाही घेतलं, साहेब. पण सासऱ्याने डोळे उघडले.” “डोळे नाही, एक डोळा. उजवा.” “डावा!” साहेब दोघांचं मन लावून ऐकत होते. साक्षीदाराचंसुद्धा इतकं ऐकत नाहीत.

“तुम्ही नाही बघत, बाई?”

“आई बघते.”

खोटारडी! डावा डोळा होता. मी नीट बघितलंय.

३ फेब्रुवारी

आईचा ताप उतरत नाही. काहीतरी असंबद्ध बोलते. दवाखान्यात ठेवलं.

९ फेब्रुवारी

शुद्धीवर आली! मला ओळखलं, हसली. सुटले एकदाची.

मग म्हणाली, “बोल की गं काहीतरी.”

मी तर मघापासून बोलतच होते.

१२ फेब्रुवारी

दोन्ही कान. तापाने कानाच्या आतलं सगळं जाळून टाकलं, असं कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढे मागे ऑपरेशन करून आत यंत्र बसवता येईल कदाचित, पण आधी अंगात ताकद येऊ दे.

माझी आई! टेलिफोन एक्सचेंजमध्ये सबंध नोकरी गेली तिची. कानावर ते हेडफोन, हातात वायरी, “नंबर प्लीज”. बाबा गेले तेव्हा दारात आलेल्या माणसांना तिने तोंडं न बघता ओळखलं होतं. नुसत्या आवाजावरून.

कागदावर लिहून तिला सांगितलं. तिने वाचलं. कागदाची घडी घातली, उशीखाली ठेवली. म्हणाली, “बरं.”

२३ फेब्रुवारी

घरी आणलं. संध्याकाळी सात वाजता खुर्चीत बसली आणि टीव्ही लावला. सवयीने.

मालिकेच्या खाली अक्षरं येत नाहीत. मी भाचीची जुनी पांढरी पाटी काढली, पेन घेतलं, तिच्या शेजारी बसले. म्हटलं, मी स्टेनो आहे! शब्द टिपायचं काम माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार?

कसलं काय. शॉर्टहँड तिला येत नाही आणि साध्या अक्षरात लिहीपर्यंत पात्रं भांडून, रडून, दुसऱ्या खोलीत गेलेली. बाहीने पुसतेय, लिहितेय, बाहीने पुसतेय. शेवटी आई वैतागली. “थांब गं बाई! तुझ्या पाटीकडे बघू की त्यांच्या तोंडाकडे?”

पण टीव्ही बंद नाही केला. नुसती बघत राहिली. पुढे वाकून, हनुवटीखाली हात धरून.

२ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

शेजारच्या मास्तरीणबाई सूप घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या कोणाकडे फारशा जात नाहीत. मालिका चालू होती. थोरली उंबऱ्यात, सासू दार लावतेय. थोरली ओरडली, “मी या घरची सून आहे! माझा हक्क घेतल्याशिवाय हलणार नाही!” वीज. ढोल. परत वीज.

आणि आई बोलायला लागली. थोरलीचे ओठ हलत होते त्यावर, तिचं म्हणून. आईचा आवाज हल्ली फार मोठा येतो, तिला अंदाज नाही. पण हे ती हळू बोलली.

“मला आत नका घेऊ, सासूबाई. पण दार लावताना निदान माझ्याकडे बघून लावा.”

मी पाटीवर लिहिलं — ‘असं नाही म्हणाली ती!’ आणि आईसमोर धरायला गेले. मास्तरीणबाईंनी माझा हात धरून खाली केला. माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे आईवर.

सासूचे ओठ हलले. आई म्हणाली, “बघितलं तर लावता येणार नाही गं.”

सूप गार झालं. मास्तरीणबाईंनी रिमोट उचलला, आवाज पार बंद केला आणि पाय वर घेऊन बसल्या.

मी दिवसभर माणसांचं बोलणं टिपते. शपथेवरचं बोलणं! इतकं खरं वाक्य माझ्या वहीत कधी आलं नाही.

३ मार्च

मास्तरीणबाई आज पावणेसातलाच हजर. सोबत खालचे शिंपीकाका. गळ्यात टेप तसाच. “ह्या म्हणाल्या, बघायला चला,” म्हणे. “म्हटलं बघू.”

१० मार्च

आईने विजांनासुद्धा अर्थ दिला! पडदा लखलखला की ती दचकल्यासारखं करते आणि म्हणते, “दिवे जातायत बघ घरातले. बिल कोण भरणार, भाऊ बोलत नाहीत एकमेकांशी.” शिंपीकाका हसून हसून खुर्चीवरून घसरले.

चिमट्याला तिने बायको दिलीय. पडद्यावर ती कधीच येत नाही! चिमटा फोनवर बोलतो तेव्हा पलीकडे तीच असते. त्याची कारस्थानं चालू असतात आणि आई त्याच्या मिटल्या ओठांतून म्हणते, “हो गं, येतो. नाही गं, जेवलो नाही अजून.” आता मला चिमट्याचा राग येईनासा झालाय. काय करावं!

१९ मार्च

पाटीवर लिहून विचारलं, ‘हे तुला सुचतं कुठून?’

“सुचतं कुठलं,” आई म्हणाली. “एक्सचेंजमध्ये लोक नंबर सांगायचे आणि थांबायचे. लाईन लागेपर्यंत तसेच धरून असायचे फोन. त्यांना वाटायचं, कोणी ऐकत नाही. मग आपल्याशीच पुटपुटायचे. ‘उचल रे.’ ‘रागावू नकोस.’ ‘काय सांगू हिला आता.’ ते खरं बोलणं. लाईन लागली की ‘हॅलो, कसे आहात, सगळं छान’ — खोटं सुरू!”

आणि ती शेंगा सोलायला लागली. जणू काही विशेष सांगितलंच नाही.

ह्या बाईच्या घरात मी लहानाची मोठी झाले. तिच्या आत एक अख्खं गाव पुटपुटत होतं, आणि मी तिला खिडकी लाव म्हणत होते.

२ एप्रिल

आज भावांचा प्रसंग. धाकटा टेबलावर मूठ आपटतोय, थोरला पाठ फिरवून उभा. पडद्यावर नक्की वाटणीचंच काहीतरी असणार.

आई धाकट्याचं बोलली. “मला काही नको, दादा. सगळं तुला घे. पण मी आजारी होतो तेव्हा तू एकदा तरी विचारायचं होतंस, की बरा आहेस का.”

थोरला वळला, तोंड उघडलं. आई म्हणाली, “विचारायला आलो होतो रे. जिन्यावरून परत गेलो.”

शिंपीकाका उठले. “येतो,” म्हणाले. चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि गेले. आई म्हणाली, “त्यांना काय झालं?” कोणालाच माहीत नव्हतं.

३ एप्रिल

शिंपीकाकांचं दुकान बंद. दिवसभर बंद. असं कधी होत नाही.

४ एप्रिल

शिंपीकाका सात वाजता आले, सोबत त्यांच्यासारखंच नाक असलेला एक म्हातारा. “हा माझा भाऊ,” म्हणाले. एवढंच! मास्तरीणबाई मला नंतर कुजबुजल्या — भाऊ आहे हेच इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं.

दोघे एका बाकावर बसले. आईला काहीच कळलं नाही. भावाला म्हणाली, “सरका जरा, यांना टेप घेऊन बसायला जागा लागते.”



१७ एप्रिल

जज्जसाहेबांनी विचारलं, काल काय झालं. यावेळी मी सांगितलं — थोरली काय म्हणाली, सासू काय म्हणाली, चिमट्याचा बायकोला फोन.

“बाई,” साहेब म्हणाले, “काल मी स्वतः बघितलाय भाग. असं काहीही नव्हतं.”

मेले! कोर्टात, खुद्द न्यायाधीशांपुढे, खोटी साक्ष! मग सगळंच सांगून टाकलं. आईचे कान, पाटी, बंद केलेला आवाज. आणि हेही, की मी रोज बघते. पहिल्यापासून. मला फार आवडते.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, “त्या चिमट्याची बायको… तिने परत फोन केला का हो?”

८ मे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यंत्र बसवता येईल. आई म्हणाली, “आता काय ऐकायचं राहिलंय? नको.”

मी तिला आग्रह केला. पाटी भरून लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

पण इथे खोटं कशाला लिहू? मला ते यंत्र नकोय. ती ऐकायला लागली की गप्प होईल. मग थोरली आपली विजेत उभी राहून हक्क मागत बसेल.

लिहून टाकलं. मुलीने असं वाटून घेऊ नये. पण वाटलं.

२१ मे

आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “करू या ते ऑपरेशन.”

मी भुवया उंचावल्या. का?

“मला सगळ्यांचे आवाज आठवतात. तुझ्या बाबांचा. माझ्या आईचा. एक्सचेंजमधल्या सुपरवायझरचा, मेलीचा! तुझा पुसट व्हायला लागलाय. काल आठवून बघितला — नीट येईना.”

मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून ठेवला. मग आठवलं, तिला ऐकूच येत नाही. तरी सोडून ठेवला.

११ जून

ऑपरेशन झालं. डोक्याला पट्टी. पहिला प्रश्न — “सात वाजले का?”

१४ जुलै

आज यंत्र सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी मला खूण केली, बोला. इतके महिने थांबलेली मी — म्हटलं काय, तर “नंबर प्लीज.”

आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. “डब्यात बेडूक बसल्यासारखी वाटतेस,” म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला असंच. मेंदूला शिकायला वेळ लागतो.

बेडूक तर बेडूक!

६ ऑगस्ट

सकाळी एक तास मी वाचून दाखवते, ती मागून म्हणते. आज पाठ फिरवून बोलले तरी तिला कळलं. बेडूक गेला म्हणाली. “तूच आहेस.”

संध्याकाळी गोष्ट चालूच आहे. यंत्र काढून ठेवते तेव्हा — कान दमतात म्हणे. शिंपीकाकांचा भाऊ आता स्वतःची उशी घेऊन येतो. कोणी विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच — ही आवाज लावेल तेव्हा काय?

२९ ऑगस्ट

उद्या आवाज लावून बघणार म्हणाली. मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. माझाही पडला असणार.

३० ऑगस्ट

लावला. आईने सबंध भाग ऐकला. मान तिरकी, एकही शब्द न सोडता. थोरली ओरडली, वीज कडाडली, जाहिराती झाल्या, परत वीज.

मग म्हणाली, “हे एवढंच बोलतात होय?” आणि आवाज बंद केला.

आम्ही सरसावून बसलो. भाग अजून थोडा बाकी होता. थोरली उंबऱ्यात येऊन उभी राहिली, ओठ हलायला लागले. आई बोलेना. कानामागे हात नेला, यंत्र नीट बसवलं आणि माझ्याकडे वळली.

“आज तू सांग. मी ऐकते.”