खोली नंबर सहा रिकामी करून घेणे

२ नोव्हेंबर

निर्णय झाला. सहा नंबरची खोली महिनाअखेर रिकामी करून घ्यायची.

जांबे गावात आपल्या आठ खोल्या, त्यांतली ही सगळ्यांत मोक्याची. भाडेकरू तानूबाई आणि तिचा मुलगा मल्हार. मल्हार हिंजवडीत कॅब चालवतो, दिवसभर बाहेर. म्हातारी एकटीच असते. भाडं वेळेवर, तक्रार काही नाही. पण करार दसऱ्याला संपला. संपला म्हणजे संपला. टाइल्स, मॉड्युलर किचन करून एखाद्या आयटीवाल्या जोडप्याला देणार. शुद्ध व्यावहारिक निर्णय.

आई त्याच खोलीत वारली, याचा काहीही संबंध नाही. नवीन बंगला बांधला तेव्हा तिला ही स्वतंत्र, अटॅच्ड बाथरूमची खोली दिली होती. किती जणांच्या आईला मिळते? काल दुपारी तिथून कुणीतरी मला 'शरद्या' अशी हाक मारली, त्याचाही संबंध नाही. तशी हाक फक्त आईच मारायची. पण काल जेवण जरा जड झालं होतं.

४ नोव्हेंबर

समक्ष सांगून आलो. सौम्य पण ठाम.

तानूबाई दारात मेथी निवडत होती. म्हटलं, करार संपला, आता दुसरीकडे बघा. ती म्हणाली, "बघू की. पर तुमच्या आईला इचारावं लागंल. ती नगं म्हंती." मी विचारलं, कोण नको म्हणते? तिने आतल्या कोपऱ्याकडे मान केली. आईची कॉट तिथेच असायची. तानूबाई यायच्या आधीच मी ती भंगारात दिली होती.

अर्थात याला उत्तर आहे. तानूबाई मूळची माले गावची. आम्ही शेती करत होतो तेव्हा त्यांच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसायला यायच्या. आईची आणि तिची चांगली ओळख. म्हातारपणी माणसं जुन्या ओळखीशी बोलतात. सायकॉलॉजी.

घरी येऊन उज्वलाला सांगितलं. वाटलं, बायको आहे, धीर देईल. ती म्हणाली, "मग बरंच हाय की. तुमी तर तिला कधी काय इचारलं न्हाई. निदान तानूबाई तरी इचारतीया."

हिला कायद्यातलं काही कळत नाही.

७ नोव्हेंबर

पौडला सायलीकडे. उज्वलाची भाची, वकील. सगळं ऐकून तिने विचारलं, काका, करार रजिस्टर केलाय ना? म्हटलं, स्टँपपेपरवर आहे, नोटरीचा शिक्का आहे, मसुदा मी स्वतः केलाय. तिने विचारलं, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिलीय? म्हटलं, त्यांना आधीच किती कामं असतात. सायलीने पेन खाली ठेवलं.

तिचं म्हणणं असं. रजिस्टर करार असता, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता. ते त्यातल्या त्यात लवकर होतं. आता आधी नोटीस, मग कोर्ट, मग तारखा. करार रजिस्टर करणं मालकाचंच काम, त्यामुळे अटींवरून वाद झाला तर आधी भाडेकरूचं खरं धरतील. आणि काहीही झालं तरी पाणी-लाइट तोडायचं नाही, कुलूप बदलायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही.

थोडक्यात, आपली केस मजबूत आहे.

निघताना सहज विचारलं, करारात नाव नसलेली व्यक्ती खोलीत राहत असेल तर तिलाही वेगळी नोटीस लागते का? सायलीने विचारलं, कोण राहतंय? म्हटलं, आई.

ती म्हणाली, "काका, पाणी देऊ का?"

११ नोव्हेंबर

नोटीस स्वतःच लिहिली. भाषा उत्तम जमली. 'सबब आपणांस कळविण्यात येते की' वगैरे.

तानूबाईला वाचता येत नाही. म्हणाली, तुमीच वाचा. उभ्याने वाचायला लागलो. दुसऱ्या परिच्छेदाला आतून खोकला आला. तानूबाई माझ्यासमोर, मल्हार ड्युटीवर. आईचा असायचा तोच खोकला, आधी दोनदा बारीक, मग एक मोठा. मी 'सबब' वर थांबलो. तानूबाई म्हणाली, "थांबला का? ती ऐकतीया. म्हंती, माझं पोरगं साहेबावानी वाचतंय."

उरलेली नोटीस दाराला चिकटवून आलो. संध्याकाळी बीपी तपासलं. मिठाचं प्रमाण कमी करायला हवं.

१६ नोव्हेंबर

सहा नंबरचा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी बंद केला. तोडणं वेगळं, दुरुस्ती वेगळी.

प्लंबरने लाइन कशी टाकली होती देव जाणे, बंगल्याचंही पाणी गेलं. उज्वलाचे केस शॅम्पूने भरलेले. काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. थोड्या वेळाने तानूबाई कमरेवर भरलेला हंडा घेऊन दारात हजर. म्हणाली, "तुमच्या आईनं सकाळीच सांगितलं व्हतं, भरून ठिव, ह्यो आज पानी बंद करनार."

व्हॉल्व्ह उघडला. दुरुस्ती पूर्ण.

सायलीचा फोन. उज्वलाने कळवलं असावं. गुन्हा, पोलीस असे शब्द वापरले. नातेवाइकाला वकील करू नये.

२१ नोव्हेंबर

प्रश्नाच्या मुळाशी जायचं ठरवलं. खोलीची शांती करून घेतली. भीती म्हणून नाही, कोणतीही वास्तू शांत असलेली बरी.

भाडेकरूच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून तानूबाईला विचारलं. ती खूश झाली. खोली सारवल्यासारखी लख्ख पुसून ठेवली, गुरुजींना चहा केला. गुरुजींनी विचारलं, कुणाच्या नावाने? म्हटलं, आईच्या, साळूबाईच्या. नाव दोनदा सांगावं लागलं. धूर फार होता.

सगळं आटपलं. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले. तानूबाई म्हणाली, "ती म्हंती, आज पयल्यांदा आत आलायस. बस की वाईच."

मला महत्त्वाचं काम होतं. बँकेत जायचं होतं.

बँक उघडी होती, पण तिथे गेल्यावर काम काय होतं तेच आठवेना. तसाच परत आलो.

२८ नोव्हेंबर

विजय!

मल्हार आला होता. त्याला उरवड्यातल्या एका कंपनीत कायमची नोकरी लागली. खोलीही तिथेच बघितली. रविवारी जाणार. म्हणाला, "अण्णा, नोटीस वाचली. आमच्यामुळं तुमाला लई तरास झाला, मनावर घेऊ नका."

चिकाटी, कायद्याचा अभ्यास आणि संयम. सायलीला फोन करून मुद्दाम कळवलं. म्हटलं, तुझ्या कोर्टाशिवाय झालं. ती म्हणाली, अभिनंदन काका, पुढचा करार तेवढा रजिस्टर करा.

३० नोव्हेंबर

गेले. एका टेम्पोत सगळा संसार मावला. तानूबाईने खोली झाडून किल्ली हातात दिली. खोली ताब्यात.

५ डिसेंबर

टाइल्सवाला मापं घेऊन गेला. दुपारी मी तिथेच थांबलो. देखरेख लागते.

भिंतीला टेकून बसलो. काही ऐकू आलं नाही. खोली रिकामी असली की आवाज घुमतो का, हे तपासायला एकदा "आई" म्हणून बघितलं. घुमला. बाकी काही नाही.

छान. शांत झाली म्हणायची.

९ डिसेंबर

रोज देखरेख. टाइल्सवाल्याला म्हटलं, घाई नको.

स्नेहल नावाची मुलगी नवऱ्याला घेऊन खोली बघायला आली. दोघं आयटीत, रजिस्टर कराराचा खर्चही द्यायला तयार. त्यांना सांगितलं, खोलीला ओल आहे. उज्वला मागेच उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, कुटं हाय ओल? दाखवा.

मी कोपरा दाखवला. तिने भिंतीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि घरी येऊन जेवायला वाढलं. तिचं असं बघणं मला आवडत नाही.

१४ डिसेंबर

उरवड्याला जाऊन आलो. सहा नंबरमध्ये माळ्यावर एक कळशी राहिली होती. भाडेकरूची वस्तू परत करणं मालकाचं कर्तव्य.

घर शोधायला वेळ लागला. कंपनीच्या भिंतीला लागून दोन खोल्या, पुढे ओटा. तानूबाईने कळशी उलटीपालटी केली आणि म्हणाली, "ही आमची न्हाई. तुमचीच हाय."

निघायला हवं होतं. पण आलोच आहे तर चौकशी केली. म्हटलं, सगळे बरे ना? ती म्हणाली, "बरे हायेत. मी, मल्हार, तुमची आई."

मी म्हटलं, आई? ती म्हणाली, "आमच्यासंगंच आली की टेम्पोतनं. म्हनली, तितं एकटी काय करू? हितं लई करमतंय तिला. ओट्यावर बसती, माणसं बघती."

मी विचारलं, आत येऊ का? म्हणजे खोली कशी आहे, भाडं योग्य आहे का, मालक म्हणून एक अंदाज. तानूबाई आत गेली. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय. उठवू नगा. बसा वाईच."

ओट्यावर बसलो. कळशी मांडीवर. कंपनीची शिफ्ट सुटली, माणसं डबे घेऊन समोरून गेली, मल्हारही आला आणि माझ्या शेजारी बसून राहिला. आतून खोकलासुद्धा आला नाही.

ऊन कलल्यावर उठलो. विचारलं, परत केव्हा येऊ?

तानूबाई म्हणाली, "आदी तिला इचारते. व्हय म्हनली तर कळवीन."

माझा मोबाईल नंबर मल्हारला देऊन आलो.