पेटी भरलेली आहे

३ ऑक्टोबर

आले बाई एकदाची सासरी! ओनोमिचीच्या या चढावर टॅक्सी येत नाही, म्हणून ताकेफुमीने माझ्या दोन्ही बॅगा खांद्यावर मारल्या आणि मी मागून मिठाईचा खोका घेऊन राणीसारखी. खाली समुद्र, त्यात तो चालवतो ती फेरीबोट. दारात सासूबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, एवढा चढ चढलीस आणि धाप नाही, चला, ही टिकेल.

म्हणजे ताकेफुमीची पहिली बायको टिकली नाही. तिचं नाव कानाए. हृदय नाजूक होतं, तीन वर्षांपूर्वी गेली. बैठकीतल्या पितरांच्या देव्हाऱ्यात तिचा फोटो आहे, छान हसरा. कुकरमधला पहिला भात तिच्या पुढ्यात ठेवायचा, घंटी वाजवायची, हात जोडायचे, मग आपण जेवायचं. उद्यापासून ते काम माझं. करीन की! मेलेल्या बाईवर कसला राग?

दुपारी घरातला फोन वाजला. मी घाईत हॅलोचं 'मोशी' एकदाच म्हटलं, तर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. अगं चिझुरू, दोनदा म्हण, मोशी मोशी! एकदाच म्हणतं ते भूत. दुसऱ्यांदा म्हणायला त्याची जीभच उचलत नाही, म्हणून तर आपण दोनदा म्हणतो. मी ओसाकाची, असल्या गोष्टींवर पोट धरून हसणारी. त्याही हसल्या.

७ ऑक्टोबर

आज जिवाचा नुसता तिळपापड झाला. बोटीवर असला की ताकेफुमी फोन उचलत नाही, निरोप ठेवावा लागतो. ठेवायला गेले, तर फोनमधली बाई म्हणते, निरोपांची पेटी भरलेली आहे. काल तेच, आज तेच. संध्याकाळी खोदून विचारलं तेव्हा कळलं कशाने भरलीय. कानाएने! तिने जिवंतपणी ठेवलेले सगळे निरोप साहेबांनी जपून ठेवलेत. जेवण झालं की देव्हाऱ्यापुढे बसतात आणि ऐकतात.

आज मीही दाराआडून ऐकले. मोशी मोशी, येताना तोफू आण, मऊवाला हं, नाहीतर परत घट्ट उचलून आणशील, बैलोबा. मोशी मोशी, पाऊस आलाय, गाद्या मी आत घेतल्यात, उगाच धावत येऊ नकोस. 'बैलोबा'ला तो जो हसला! माझ्या कुठल्याही बोलण्यावर तो असा हसलेला नाही.

सवत मेली तरी जागा अडवून बसलीय. देव्हारा तिचा, पहिला भात तिचा, आणि माझ्या दोन शब्दांना नवऱ्याच्या फोनमध्ये जागा नाही!

१० ऑक्टोबर

आज भांडले. तो ओशाळला. म्हणाला, दातांच्या दवाखान्याचे आणि विमावाल्याचे निरोप पडलेत, ते पुसून टाक, तुला जागा होईल. कानाएचे तेवढे राहू देत, एवढं ऐक माझं. आणि फोन माझ्या हातात देऊन अंघोळीला गेला.

दवाखाना पुसला. विमावाला पुसला. मग बोट तोफूवर गेलं. कोणी विचारलं तर चुकून म्हणेन, पण इथे कशाला खोटं लिहू? मुद्दाम पुसला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

११ ऑक्टोबर

दुपारी माझा पहिला निरोप ठेवला. गॅसवाला आला होता, शेगडी नीट करून गेला, एवढंच. संध्याकाळी त्याने तो लावला. आवाज माझाच. पण शब्द? मोशी मोशी, येताना तोफू आण, मऊवाला हं, नाहीतर परत घट्ट उचलून आणशील, बैलोबा.

आईशप्पथ, मी हे बोलले नव्हते.

तो मात्र खो खो हसला. माझा हात धरला. म्हणाला, चिझुरू, तुला कसं गं कळलं? मी खरं तर घाबरायला हवं होतं. पण त्याने हात धरला होता, तो मला सोडवेना.

१६ ऑक्टोबर

आता तो अंघोळीला गेला की मी तिचा एखादा निरोप पुसते, आणि दुसऱ्या दिवशी तिचं ते बोलणं माझ्या आवाजात निघतं. गाद्यांचं झालं. चढावर धाप लागलीय, बाकावर बसलेय, घ्यायला ये, तेही झालं. तिचे निरोप कमी झालेत हे त्याच्या ध्यानातही नाही, कारण तो आता माझेच ऐकतो. बस तिथे फोटोत, बघत!

बाजारातून येताना त्या बाकावर बसावं लागलं. धाप लागली. सासूबाई म्हणाल्या, तुला आधी लागत नव्हती ना गं?

१९ ऑक्टोबर

सकाळी ताकेफुमीने मला कानाए म्हणून हाक मारली.

आणि मी ओ दिली. सासूबाईंनीही मान वर केली नाही.

२१ ऑक्टोबर

शेवटचा उरला होता. मोशी मोशी, मी घरीच आहे, तू लवकर ये. थांबावं असं वाटलं, खरंच वाटलं. पण तेवढा तरी तिचा कशाला ठेवू? पुसला. आता त्याच्याकडे तिचं काही नाही. आता फक्त मी.

२२ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात कोणीतरी आहे. सासूबाई तिच्याशी हसून बोलतायत. मी इथे बैठकीत — ती म्हणतेय, आई, हा परत घट्ट तोफू घेऊन आला, बैलोबा कुठला.

ताकेफुमी हसला. माझ्यासमोरून गेला. मी हाक मारली, त्याने वळूनही —

२४ ऑक्टोबर

पहिला भात माझ्या पुढ्यात ठेवला. तिने. घंटी वाजवली, हात जोडले, आणि डोळे उघडून नीट माझ्याकडे बघितलं. फोटोत होतं तेच गोड हसू.

मला फोटोच्या या चौकटीतून उठता येत नाही. बोटं तेवढी हलतात. फोन लागतो. त्याला निरोप ठेवतेय, सारखे ठेवतेय. मोशी — एवढंच निघतं. पुढचं निघत नाही. सासूबाई हसत सांगत होत्या ते —

२५ ऑक्टोबर

त्याने ऐकले. देव्हाऱ्यापुढे बसूनच. म्हणाला, हे कोण आहे? नुसतं मोशी म्हणतं आणि गप्प होतं. पेटी भरून गेली याने. मग फोन तिच्या हातात दिला. कानाए, कचरा आहे सगळा, पुसून टाक तेवढा. आणि अंघोळीला —

ती माझ्याकडे बघत पुसतेय. एक गेला. मी ओसाकाची, माझं नाव —

अजून एक. ताकेफुमी, अरे बाहेर ये, मी चि —

मोशी