रुचीचा रकाना

१२ नोव्हें.
सुई झाली. चार महिने तपासण्या, आणि काम पाच मिनिटांत आटोपलं. पल्लवी उठून म्हणाली, "बस? हो गया?" बावीस वर्षांची घोडी झाली, पण दवाखान्यात अजून माझी बाही धरून बसते.
डॉ.बाईंनी परत समजावलं. पोट भरल्याचा निरोप हिच्या मेंदूपर्यंत पोचतच नाही, तिथला जीन जन्मापासून बिघडलेला. आता चांगला आत सोडलाय. गेला तो गेला, बाहेर काढता येत नाही. सही पल्लवीची, आग्रह माझा. लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मीच विसरल्याचं सोंग करीन.
लखनऊत, विकास नगरला घरी पोचताच सुनंदाने आधी फ्रिजचं कुलूप ओढून बघितलं. आईचं मन, दुसरं काय.

१९ नोव्हें.
फरक शून्य. सकाळी कच्ची कणीक खाताना सु.ने पोरीला पकडलं. फ्रिजला कुलूप असतं, मग परातीवर डल्ला. दोघींची जुंपली. सु. मराठीत, पोट्टी हिंदीत, नेहमीसारखंच. "मुझे जेल में ही डाल दो ना!" शेजारच्या भाभी गॅलरीत उभ्या राहून ऐकत होत्या.
दर आठवड्याला घरच्या माणसाने दवाखान्याचा फॉर्म भरायचा. हिंदीत आहे. भूख, उलटी, स्वाद, रुचि में कमी, नींद. समोर हाँ / नहीं. मीच भरतो, सु.ला चष्मा सापडत नाही.

३० नोव्हें.
अर्धी पोळी उरली. पल्लवीच्या ताटात! आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत बसलो.
"पेट भर गया," ती म्हणाली. स्वतःच दचकली.
सु. रडायला लागली. "माय वो, पोट भरलं माझ्या लेकीचं." मलाही आवरेना. कुलूप काढून टाकलं. नागपूरला दादाला फोन केला, म्हटलं, जयभीम, पोट्टी सुटली रे बाबा.

१० डिसें.
वजन उतरतंय. जिना एका दमात चढली.
फॉर्म मी उगाच भरत नाही. प्रयोग करतो. आज सु.ला सांगून बिनमिठाची भाजी वाढली. पहिल्याच घासाला "नमक नहीं है." म्हणजे तोंडाची चव जागेवर. स्वाद ठीक, रुचि में कमी नहीं. एकच गोष्ट दोनदा विचारतात, सरकारी खाक्या.

२१ डिसें.
धुकं. तिला स्कूटरवर अलीगंजला नेलं, मक्खन-मलाई खायला, इथली हिवाळ्यातली दुधाच्या फेसाची मिठाई. मागच्या हिवाळ्यात पानांचे चार दोने संपवून पाचव्यासाठी भर रस्त्यात माझ्याशी भांडली होती. आज दोना हातात धरून उभी. फेस खाली बसत गेला. ठेलेवाला भैया माझ्याकडे बघतोय, मी तिच्याकडे.
"खा ना," म्हटलं. खाल्लं.
"कशी आहे?"
"मीठी है."
उत्तर बरोबरच आहे. मग मला रागच का आला, कळेना.

२८ डिसें.
पल्लवी मराठी बोलली!
मी विचारलं, "चहा घेतेस?" म्हणाली, "घेते." सु. हरखली. दिवसभर काही ना काही विचारत होती. बाहेर ऊन आहे का, डबा कुठे ठेवला, केस विंचरू का. सगळी उत्तरं मराठीत, स्वच्छ.
दुपारी भाभी आल्या, त्यांच्याशी हिंदी. बँकेतून फोन आला, समोरची बाई इंग्रजीत, तर इंग्रजी. जो ज्या भाषेत बोलेल ती भाषा त्याला परत.
सु. लाडात म्हणाली, "वर्षानुवर्षं डोकं फोडलं माझं, मराठी बोल मराठी बोल. तेव्हा का गं नाही बोललीस?"
"तेव्हा हट्ट होता," पल्लवी म्हणाली.
होता. एवढंच. सु. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

४ जाने.
सकाळी गच्चीत खुर्ची टाकून दिली, म्हटलं उन्हात बस जरा. मग मी ऑफिसला. सु. बाजारात, तिथून तिच्या मैत्रिणीकडे. पाचला आलो तर घरात पल्लवी नाही. वर गेलो. ऊन कधीच उतरलेलं, गच्चीभर धुकं आणि त्यात ही, खुर्चीत, सरळ. हात बर्फ.
"अगं, खाली का नाही आलीस?"
"तुम्ही बस म्हणालात."
थंडी वाजत नव्हती का, विचारलं. "वाजत होती." तक्रार नाही, काही नाही. मी चढ्या आवाजात ओरडलो तिच्यावर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "चल खाली" म्हटलं तेव्हाच उठली. तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

११ जाने.
विहारात वंदनेनंतर काका भेटले, आमच्या इथल्या मराठी मंडळीतले सगळ्यात वडीलधारे. पल्लवीकडे बघून म्हणाले, "चेहरा बघा पोरीचा. तृष्णाच गेली. तृष्णा दुःखाचं मूळ. भाग्यवान आहात."
मी म्हटलं, "काका, भगवंतांनी स्वतः सोडली होती. हिच्याकडून काढून घेतली."
वडील माणसाशी असं बोलायला नको होतं. पण बोललो ते खरं आहे.

१५ जाने.
ऑफिसात तिवारीजी निवृत्तीबद्दल बोलत होते. "भाईसाहब, सच कहूँ, अब किसी चीज़ में रुचि नहीं रही."
चहा तसाच ठेवून उठलो.
एकोणीस वर्षं लखनऊत काढली. हा शब्द रोज कानावर पडतो, रुचि म्हणजे आवड, रस. पण जेवणाखाण्याच्या फॉर्मवर, स्वादच्या खालीच आला, आणि डोळ्यांनी मराठीत वाचला. आमच्याकडे ताप आला की आई विचारायची, तोंडाला रुची आहे का. मी मीठ चाखवत बसलो! ते विचारत होते, पोरीला जगण्यात काही गोडी उरली का. आणि मी, शहाणा, दर आठवड्याला नहीं, नहीं, नहीं.
सु.ला सांगितलं. वाटलं, फाडून खाईल. नुसती म्हणाली, "चष्मा माझा उशीखालीच होता. शोधला नाही मी."

१६ जाने.
डॉ.बाईंना खरं सांगितलं. त्यांनी फाईल उघडून माझे सगळे "नहीं" वाचले. "शुरू में ही बता देते तो..." त्यांनी फाईल मिटली.
उपाय आहे. रोज एक गोळी, तिने तो जीन झोपतो. पण मग भूक परत येईल, होती तशी, सगळीच्या सगळी. वजन, शुगर, कुलूप. बाकीचं परत येईल का, सांगता येत नाही. आणि गोळी पल्लवीच्या स्वतःच्या इच्छेनेच. सज्ञान आहे, आई-बापाची सही चालत नाही. कागदावर तसं छापलेलंच आहे: मेरी अपनी इच्छा से.
बुधवारपर्यंत द्यायचाय.

१९ जाने.
संध्याकाळी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. पेन उचललं.
"सही कुठे करू?"
 कर म्हटलं की करणार, नको म्हटलं की नाही करणार. मग ती इच्छा कोणाची? म्हटलं, "तुला हवं असेल तर कर."
"हवं म्हणजे कसं?"
टिंगल नव्हती. खरंच विचारत होती.   बावीस वर्षं तिला नको, पुरे, बस एवढंच शिकवलं.

२० जाने.
कागद अजून बिनसहीचाच. आज तिला गोष्ट सांगायला बसलो, तिचीच. चार वर्षांची होतीस, नागपूरला मामाच्या लग्नात हरवलीस. सगळं वऱ्हाड शोधतंय, तुझी आई वेडीपिशी. मी मांडवामागे गेलो, तिथे जिलब्यांचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं, आणि झाकण आतून हलतंय. मी हळूच झाकण उचललं.
तिथेच थांबलो. मुद्दाम, तिला पुढचं हवंसं वाटतं का ते बघायला. पूर्वीची पोट्टी असती तर हात ओढून विचारलं असतं, फिर क्या हुआ पापा?
सु. हातात डाळीचं ताट धरून दारात उभी आहे, निवडत नाही. पल्लवी माझ्याकडे बघतेय, नीट बसून. मी वही उघडली, लिहायचं निमित्त करून. एवढं सगळं लिहून झालं.
मघाशी तिने तोंड उघडलं होतं. जांभई होती की काय, कळलं नाही. मी सांगणार नाही पुढचं. विचारू दे तिला.