पांढरी बोटं

करंजा,
४ डिसेंबर २००५

चि. पूर्वीस,
भामाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन केला असता, पण दुकानातल्या फोनवर बोललं की आख्खा पाडा ऐकतो. म्हणून लिहिते. म्हावरं निवडताना बर्फात हात घातला की डाव्या हाताची बोटं चुन्यासारखी पांढरी पडतात, मग निळी, मग नुसती आग आग. आता मधल्या बोटाचं टोक काळं पडलंय. इथला डॉक्टर म्हणतो, टोक कापावं लागंल, आणि असंच चाललं तर बाकीची बोटंपण जातील. वर मला विचारतो, तंबाखू खाता का? मेल्याला चांगलं सुनावलं. मी काय धक्क्यावर बसणारा बाप्या हाय?

पोरी, मासा धरायचा हातच गेला तर मी करू काय? तू कॉलेजात रक्ताच्या नळ्यांचंच शिकतेस ना? मला समजंल असं लिही. लय भीती वाटते गं.

माया हाय ती असू दे.
तुझी आत्या

पनवेल,
९ डिसेंबर २००५

ती. भामाआत्यास,
पूर्वीचा शि. सा. न.

पत्र मिळालं, लगेच लिहितेय. नीट वाच हं. बोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती स्नायू असतो. गारठ्यात शरीर रसायनं सोडून त्याला सांगतं, आवळ. असं सगळ्यांचंच होतं. मग वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू झिरपतो आणि सांगतो, पुरे, आता सोड. उंदराच्या शरीरातल्या, केसाएवढ्या बारीक वाहिनीवर मी लॅबमध्ये रोज हेच बघते. तुझ्या बोटांत ‘आवळ’ पोचतं, ‘सोड’ पोचत नाही.

आणि तंबाखूने ते अस्तरच बिघडतं. आत्या, रोज सकाळी तव्यावर काय भाजतेस तू? मशेरी म्हणजे तंबाखूच, बाई! आणि डॉक्टरांना नाही म्हणून आलीस? मला रागही आलाय आणि रडूही येतंय. आजपासून मशेरी बंद. बर्फात हात घालायचा नाही. शुक्रवारी इकडे ये, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मी सोबत असेन.

रागावलीस तरी जीव लाव तसाच.
पूर्वी

करंजा,
२२ जानेवारी २००६

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोटं बोलले नव्हते गं. तो तंबाखू म्हणाला, मशेरी कुठं म्हणाला? मशेरी दातांची. इथल्या बायकांना विचार, एक हो म्हणायची नाय. तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरांसमोर सगळं सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशेरी सोडली. पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, सुनेला, निशाला, इतकं टाकून बोलले की ती रुसून आपट्याला माहेरी जाऊन बसली. मीच जाऊन आणली तिला. कापलेल्या टोकाची जखम सुकली.

पण बर्फ कसा सोडू? बोटी लागल्या की म्हावरं बर्फातच येतं. बोटं राखायची तर धंदा सोडायचा, आणि धंदा सोडला तर ती बोटं राखून काय करू? तुझ्या डॉक्टरांना विचारून कळव, ते काय सांगतात.

आज रबरी हातमोजे घालून लिलावाला बसले. तरी व्हायचं ते झालंच. घरी येऊन डाव्या हातात चहाचा गरम पेला धरून बसलेय, उजव्याने हे लिहितेय. करंगळी लाल झाली, तिच्यात रक्त परत आलं. बाकीची अजून पांढरीच हायत.

रागव, पण लिहीत जा.
तुझी आत्या